हलका आहार

डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत दोनच शब्द होते, ‘हलका आहार’. वरती औषधांची नावं, त्यांच्या वेळा, टाके काढायची तारीख, पुन्हा कधी दाखवायला यायचं, सगळं नीट लिहिलेलं. मुलगा रिक्षा बघायला खाली गेला होता आणि मी खुर्चीत बसून त्या दोन शब्दांकडे बघत होते. जठर काढल्याला अकरा दिवस झाले होते. हलका म्हणजे मुगाची खिचडी, एवढं मलाही कळत होतं. पण किती? वाटीभर की चमचाभर? सोबत पाणी चालेल का? आणि जठरच नाही तर आता पोट भरलं हे कशावरून ओळखायचं? सिस्टर म्हणाल्या, “मावशी, थोडं थोडं खात जा.” ‘थोडं’ हे माप मला आयुष्यात कधी लागलंच नव्हतं.

त्या दोन शब्दांचा अर्थ कळायला दीड वर्ष गेलं. तो मला सगळ्यात जास्त कुठे कळला असेल, तर ओपीडीबाहेरच्या बाकावर.

२२ वर्षं मी आठवीला विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर इतक्यांदा काढली की डोळे मिटूनही काढता येईल. यकृत तपकिरी खडूनं, जठर गुलाबी. ‘जठर म्हणजे पिशवी, इथे अन्न घुसळलं जातं’ एवढं सांगून मी आतड्याकडे वळायची, कारण परीक्षेत प्रश्न यायचा तो लहान आतड्याच्या लांबीवर. सुमारे ६ मीटर. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जननी केसपेपरच्या पाठीमागे पेनानं तीच आकृती काढली, पण गुलाबी भागाच्या जागी काहीच काढलं नाही. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली, पित्त घेऊन येणारा आतड्याचा तुकडा बाजूनं खाली आणून मिळवला. इंग्रजी ‘वाय’ अक्षर तयार झालं. सेझार रू नावाच्या स्विस सर्जनच्या नावानं ही जोडणी ओळखली जाते. मी कागदाकडे बघत राहिले. जे मी इतकी वर्षं एका वाक्यात उरकत होते, ते माझ्या शरीरात उद्यापासून नसणार होतं.

त्याआधीचं फार सांगण्यासारखं नाही. दोन घासांतच भरल्यासारखं व्हायचं, वजन उतरत होतं, मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहिले. शेवटी एंडोस्कोपी झाली, गाठ निघाली. आधी किमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा किमो. मी ते दिवस आठवायचे टाळते असं नाही. पण त्या दिवसांत करायचं काय हे दुसरे ठरवत होते. खाणं मात्र माझं मलाच शिकावं लागलं, म्हणून ते जास्त आठवतं.

वॉर्डात माझ्या शेजारच्या कॉटवर पेठकडच्या एक आजी होत्या. आतड्याला पीळ पडला होता, रात्रीतून ऑपरेशन झालं होतं. आमच्या दोघींच्या नाकात नळ्या, दोघींच्या हाताला सलाईन, आणि सकाळ-संध्याकाळ दोघींना एकच प्रश्न, “वारा सरला का?” डॉक्टर विचारायचे, सिस्टर विचारायच्या, आजींचा मुलगा फोनवरून गावाकडून विचारायचा. पोट उघडून आतड्याला हात लागला की ते काही काळ निपचित पडतं. लहान आतडं लवकर जागं होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. वारा सरला म्हणजे खालपर्यंतची वाट सुरू झाली. चौथ्या दिवशी पहाटे आजींनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, “बाई, सरला गं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी त्यात लाजण्यासारखं, हसण्यासारखं आम्हा दोघींनाही काही वाटलं नाही. मी सिस्टरला बोलावून सांगितलं, घरची बातमी सांगावी तसं.

दुसऱ्या दिवशी आजींच्या सुनेनं नागलीची पेज आणली. आमच्याकडे नाशिक शहरात नाचणी म्हणतात, पेठ-सुरगाण्याकडे ती नागली. डॉक्टरांनी पातळ द्यायला परवानगी दिली होती. सून चमचा ओठांशी नेई आणि थांबे. आजी गिळत, मग ती पाच-दहा श्वास वाट बघे, मग पुढचा चमचा. मला तेव्हा तोंडानं काही सुरू नव्हतं, पोटावरून थेट आतड्यात बसवलेल्या बारीक नळीतून पातळ आहार जायचा. मी तो चमचा वर जाताना आणि थांबताना बघत होते. खाऊ घालण्यातला तो थांबा मी आधी कधी नीट पाहिला नव्हता.

घरी आल्यावर ती नळी महिनाभर होती. मुलगा सिरिंजनं भरवायचा. आधी कोमट पाणी, मग फडक्यातून दोनदा गाळलेलं नाचणीचं सत्त्व किंवा डाळीचं पाणी, मग पुन्हा पाणी. एकदा घाईत एकदाच गाळलं आणि नळी तुंबली. रात्री साडेनऊला आम्ही पुन्हा हॉस्पिटलात. तेव्हापासून मुलाच्या हातातलं गाळायचं फडकं बघितलं की मला त्याच्या लहानपणची दुपटी आठवायची.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, नळी अजून पोटावर होती तेव्हाच, सत्यनारायण केला. माझ्यासाठीच होता तो. शिऱ्याचा प्रसाद नाकारणं माझ्या जिवावर आलं आणि मी तीन चमचे खाल्ले, भराभर, वर तीर्थ आणि पाणी. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली. अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात कळ. मला वाटलं, हार्ट ॲटॅक. मी भिंतीला टेकून बसले आणि यांचा हात घट्ट धरून ठेवला. अर्ध्या तासानं सगळं ओसरलं, मी गळून झोपून गेले.

पुढच्या फॉलोअपला त्याचं नाव कळलं, डंपिंग. जठराच्या तळाशी एक झडप असते. तिचं नाव पायलोरस, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच द्वारपाल. ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. द्वारपाल गेला की गोड, घट्ट घास एकदम आतड्यात जाऊन पडतो. तिथे तो पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं. म्हणून धडधड, घाम, चक्कर. डॉक्टरांनी हे नीट समजावलं, मला पटलंही. पण माझ्या हातापायांना ते समजलं बाहेर बाकावर.

बाकावर निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका बसले होते. ऑपरेशन माझंच, माझ्या दोन वर्षं आधी झालेलं. मी शिऱ्याचं सांगितलं तर ते म्हणाले, “ताई, पूर्वी आम्ही बागेला पाट सोडायचो. अर्धं पाणी वाहून जायचं, मातीही घेऊन जायचं. मग ठिबक केलं. आता आपलंही ठिबकच. थेंब थेंब. घाईनं पाट सोडला की माती वाहणारच.” मी इतक्या वर्षांत कुठल्याही वर्गात इतकं नेमकं उदाहरण दिलं नव्हतं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात आमचा तोच शब्द झाला. मी भराभर खायला लागले की मुलगा नुसतं म्हणतो, “आई, ठिबक.”

काकांनी आणखी पुष्कळ सांगितलं. जेवताना पाणी नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा अर्धा तास नंतर, तेही घोट घोट. रात्री सपाट झोपायचं नाही, नाहीतर पित्त घशाशी येतं; त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या होत्या, आम्हीही घातल्या. भाकरीचा घास अडकायला लागला तेव्हा त्यांनी तीन आठवडे अंगावर काढलं, शेवटी थुंकीसुद्धा उतरेना. जोडणीची जागा आवळली होती, एंडोस्कोपीतून फुगा घालून ती रुंद करावी लागली. “अडकतंय असं वाटलं की त्याच आठवड्यात या,” हे त्यांनी मला बोट दाखवून सांगितलं. आणि बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन. ते जीवनसत्त्व शोषलं जायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो. जठर गेलं की तो गेला. यकृतात काही वर्षांचा साठा असतो म्हणून आधी काहीच जाणवत नाही. काकांनाही बरं वाटत होतं, त्यांनी इंजेक्शन सोडलं. मग पायांना मुंग्या यायला लागल्या, बागेत चालताना चप्पल पायातून कधी निसटली ते कळेना. आता घेतात. माझ्या इंजेक्शनची तारीख मी दिनदर्शिकेवर लाल पेनानं लिहिते ती त्यांच्यामुळे.

भूक लागत नाही, हे कुणाला सांगून पटत नाही. लोकांना वाटतं आजारपणानं तोंडाची चव गेली, येईल हळूहळू. भुकेची आठवण करून देणारं एक संप्रेरक असतं, घ्रेलिन. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं आणि ते मुख्यतः जठरातच तयार होतं. सकाळी अकराच्या सुट्टीत मला भूक लागायची ती तिथून लागायची, हे मला वयाच्या ५१ व्या वर्षी कळलं. आता मी घड्याळावर खाते. शाळेसारखंच वेळापत्रक केलं, आठ तासिकांचं. साडेसहा, साडेआठ, साडेदहा, असं रात्रीपर्यंत. प्रत्येक तासिकेला अर्धी वाटी. एक तासिका बुडाली की दुपारी हातपाय गळतात. वजन ६१ वरून ४७ पर्यंत उतरलं होतं, आता ५२ वर थांबलंय. त्यातला एकेक किलो मी भूक नसताना खाऊन मिळवलेला आहे, आणि त्याचा मला खरंच अभिमान वाटतो.

घरात सासूबाई आहेत, ८१ वर्षांच्या. त्यांचं प्रेम वाढण्यातून येतं, दुसरी भाषा त्यांना येत नाही. मी दवाखान्यातून आल्यावर पहिले काही दिवस त्या मोठ्या वाटीत वरणभात कालवून आणत आणि मी चार चमच्यांवर थांबले की गप्प होत. वाटी परत नेताना त्यांचे खांदे पडलेले दिसायचे. मला न खाण्याचं दुःख होतंच, त्यात त्यांचं हे दुःख मला जास्त जड व्हायचं. एका सकाळी त्या देवघरातल्या कपाटाशी बराच वेळ काहीतरी शोधत होत्या. मग आल्या तेव्हा हातात माझ्या मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा. घासून लख्ख केलेला. त्या वाटीत जेमतेम चार चमचे मावतात. त्यात त्यांनी पेज घातली, वर तुपाचा थेंब. मी ती संपवली. पाच मिनिटं लागतील तिथे पंचवीस लागली, पण वाटी रिकामी झाली. त्या बघत होत्या. रिकामी वाटी उचलताना त्या म्हणाल्या, “झालं हो जेवण.”

पुढे पंचवटीत एका डोहाळजेवणाला गेलो होतो. पंगतीत वाढपी आग्रह करायला लागल्या, ‘अहो एवढंसंच? एक जिलेबी तरी घ्या!’ मी काय सांगू, किती सांगू या विचारात होते. ऑपरेशनची हकीकत पंगतीत सांगायची नसते आणि नुसतं ‘नको’ म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, “तिची वाटी रिकामी झाली की तिचं जेवण झालं. मी सांगते ना.” त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. आपल्याकडे आग्रहाला नाही म्हणायचा अधिकार पेशंटला नसतो, तो घरातल्या मोठ्या माणसाकडून घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तुम्ही तेवढं एक वाक्य त्याच्यासाठी बोला.

बाकावर एक मुलगा यायचा, मनमाडचा, पंचविशीतला. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं यायचा. आतड्याच्या टीबीनं आतड्याला भोक पडलं होतं, म्हणून काही महिन्यांसाठी लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं, त्यावर बॅग. पहिल्यांदा तो कोपऱ्यात, कुणाच्या शेजारी नाही असा उभा होता. वास येईल अशी भीती. नंतर काकांनीच त्याला हात धरून मध्ये बसवलं. त्याचं खाणं माझ्याहून अगदी निराळं. त्याला भात, केळं, साबुदाण्याची पेज लागायची, म्हणजे बॅगेत येणारं दाटसर होतं. मोठं आतडं पाणी आणि क्षार परत शोषून घेतं, हे मी मुलांना शिकवायची. त्याचं अन्न तिथे पोचतच नव्हतं, म्हणून नुसतं पाणी पिऊन त्याची तहान भागेना. तो मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन फिरायचा. बॅग तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, जास्त भरू दिली की वजनानं सुटते. बॅग पोटाला चिकटवायची चकती असते, तिचं भोक जरा मोठं कापलं गेलं की कडेची कातडी भाजल्यासारखी लाल होते, कारण आतड्यातला पाचक रस कातडीलाही अन्नच समजतो. हे सगळं त्यानं एका नवीन आलेल्या बाईंना, शर्ट किंचित वर करून, दाखवलं. जो दोन महिन्यांपूर्वी कोपऱ्यात उभा होता तो. त्याचं आतडं आता पुन्हा आत जोडलंय. शेवटच्या वेळी आला तेव्हा त्यानं आम्हा सगळ्यांना कोंडाजीचा चिवडा आणला होता. मला चालत नव्हता, पण मी त्यातले पोहे दोन-चार चघळून चघळून खाल्लेच.

एका गोष्टीचा मला राग आहे, तो इथे लिहिते. कुणाचं कसलं ऑपरेशन झालंय हे न विचारता सल्ला देणाऱ्यांचा. माझ्या नात्यातल्या एकीचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. ती महिनाभरात सगळं खायला लागली आणि मला म्हणाली, “मनानं घे, मी बघ कशी खाते.” पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशय ते नुसतं साठवतं. ते काढलं तरी पित्त आतड्यात येत राहतं, म्हणून बहुतेकांचं खाणं लवकर पूर्ववत होतं. ती मनानं घट्ट होती म्हणून नाही, आणि मी मनानं कच्ची आहे म्हणूनही नाही. दुसऱ्यांनी ‘ताकदीसाठी’ दूध प्यायला लावलं, त्यानं माझे दोन दिवस संडासात गेले. बाकावरचा अनुभव मोलाचा खरा, पण तोसुद्धा आधी ‘तुमचं काय काढलंय?’ हे विचारूनच घ्यायचा. काका हे पहिल्यांदा विचारायचे. नंतर म्हणायचे, “आता डाएटिशियनबाईंनाही विचारून घ्या.”

झोप लागत नसे त्या रात्री मी वाचत असे. जठराचा भाग यशस्वीपणे काढण्याचं पहिलं ऑपरेशन व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ ला केलं. पेशंट ४३ वर्षांची बाई होती. ऑपरेशनच्या आधीपासून तिला आंबट दुधाखेरीज काही पचत नव्हतं. ऑपरेशननंतर पहिला दिवस बर्फ, आणि मग आधी दर तासाला, पुढे दर अर्ध्या तासाला चमचाभर आंबट दूध. हे वाचलं तेव्हा मी उठून बसले. माझ्या उशाशी ताकाची वाटी होती, चमचा त्यातच. १४० वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या कॉटपाशी बसून घड्याळ बघत चमचा भरत असणार. ती चार महिनेच जगली, आजार परत आला. १८९७ मध्ये झुरिचमध्ये कार्ल श्लाटर यांनी एका बाईंचं पूर्ण जठर काढलं, त्या वर्षाहून जास्त जगल्या. त्या दोघींना विचारायला मागे कुणीच नव्हतं. गोड खाऊन छाती का धडधडते, रात्री पित्त का वर येतं, हे त्यांना कुठल्या बाकावर कोण सांगणार होतं? मी त्यांच्याबद्दल फार विचार करते. ताकाचा पहिला चमचा घेताना अजूनही.

दुसऱ्या प्रकारचं डंपिंग मला उशिरा कळलं. ते खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी येतं. साखर झपाट्यानं रक्तात चढते, शरीर जास्त इन्सुलिन सोडतं आणि मग साखर खाली कोसळते. मी रविवार कारंजावर भांड्यांच्या दुकानात उभी होते, सकाळी गोड चहा आणि केळं झालं होतं. हात थरथरायला लागले, समोरच्या कढईची किंमत वाचता येईना. दुकानदारांनी स्टुलावर बसवलं, साखरेचं पाणी दिलं. आता पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या आणि खाऱ्या बिस्किटांचा पुडा असतो. चहा बिनसाखरेचा, आणि केळ्याबरोबर नेहमी थोडं पनीर किंवा उकडलेलं अंडं.

परवा फॉलोअपला गेले तर बाकावर सिन्नरकडचं एक जोडपं होतं. त्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस. तो डोळे मिटून भिंतीला टेकलेला, बायकोच्या हातात कार्ड. तिनं माझ्याकडे बघितलं, बघत राहिली, मग विचारलं, “ताई, तुमचं पण पोटाचंच का?”

मी आधी विचारलं त्यांचं काय काढलंय. तिनं सांगितलं. माझंच.

“हलका म्हणजे काय हो द्यायचं?” ती म्हणाली. “आणि भाकरी? ह्यांचं भाकरीवाचून होत नाही.”

मी तिच्या कार्डाचा मागचा कोरा भाग घेतला. घरातली सगळ्यात लहान वाटी काढा, लिहिलं. पहिला महिना पेज, मऊ भात, गाळलेलं वरण; चार चमचे, दर दोन तासांनी, मध्ये थांबत थांबत. प्रत्येक नवीन पदार्थाआधी डाएटिशियनना विचारा, ही ओळ अधोरेखित केली. भाकरीचं मी माझं सांगितलं. पाचव्या महिन्यात, ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढून टाकला, आतला मऊ भाग ताकात कुस्करला, बत्तीस वेळा चावला. तिनं बोटावर काहीतरी मोजलं. नवऱ्यानं डोळे उघडले होते, तो ऐकत होता.

“म्हंजे मिळंल,” तो म्हणाला.

“मिळेल,” मी म्हटलं.

“आणि पाणी?” तिनं विचारलं.

“पाणी अर्धा तास थांबून. जेवताना नाही.”

तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि ते स्वतः लिहिलं.